आईचे नाव, बापाचा खिसा

कॉम्प्युटरच्या आतल्या त्या काळ्या फळीला 'मदरबोर्ड' हे नाव ज्याने दिलं, त्याला मराठी बापाची नस बरोबर ठाऊक असावी. हा बाप कोथिंबिरीच्या जुडीसाठी दहा मिनिटं हुज्जत घालील. पण लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात "काका, मदरबोर्डमध्ये तडजोड नको" एवढं ऐकलं की विरघळतो. आईच्या बाबतीत तडजोड? छे! मग ज्या पैशांत वरच्या पायरीचा प्रोसेसर आला असता, त्या पैशांत तो फळीवरचे रंगीत दिवे घेऊन घरी येतो.

माझं भांडण दिव्यांशी नाही. दिवाळीत मीही लावतो. माझं भांडण आहे ते 'मदरबोर्ड महाग म्हणजे कॉम्प्युटर वेगवान' या थापेशी.

एके काळी या थापेत थोडं तथ्य होतं. प्रोसेसर आणि मेमरी यांच्या मधोमध बोर्डावर 'नॉर्थब्रिज' नावाची चिप बसायची. हेडक्लार्कमार्फत फाइल जावी तसा सगळा व्यवहार तिच्यामार्फत व्हायचा. हेडक्लार्क चपळ, तर काम चपळ. पण एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली मेमरीचा कारभार प्रोसेसरच्याच पोटात नेला. हेडक्लार्क रिटायर झाला. त्याच्या नावाने चहापाणी मात्र अजून वसूल होतंय!

आता मदरबोर्ड म्हणजे बँकेच्या शाखेची इमारत. भिंतींना संगमरवर लावला म्हणून चेक लवकर वटत नाही. एएमडीच्या बी६५० बोर्डावर जी चिप एक असते, तशा एक्स६७० वर दोन असतात. म्हणजे शिपाई दोन. ड्राइव्ह जास्त लागतील, यूएसबी जास्त लागतील. मॅनेजरची सही व्हायची त्याच वेगाने होणार.

इमारत पडकी असावी असं मात्र मी म्हणत नाही. बोर्डाचं खरं काम विजेचं. पॉवर सप्लायकडून आलेले बारा व्होल्ट त्याला प्रोसेसरला सोसेल अशा सुमारे एका व्होल्टवर आणावे लागतात. इंटेलचा कोअर आय९-१४९००के जोरात आला की २५३ वॉटपर्यंत वीज खातो. त्याला स्वस्तातल्या बोर्डावर बसवलंत तर बोर्ड तापतो आणि प्रोसेसरला वेग आवरता घ्यावा लागतो. त्या कामासाठी पैसे जरूर मोजावेत.

पण हा बकासुर घरी आणायचाच कशाला, हे कोण विचारतो? त्याला २४ कोअर. व्हिडिओचं संपादन किंवा थ्री-डी चित्रं करणाऱ्याकडे ते सगळे राबतात. खेळांत बरेचसे बसून पगार खातात. २०२३ साली आलेला रायझन ७ ७८००एक्स३डी आठच कोअरचा, पण त्याच्या पोटात ९६ मेगाबाइटचा कॅश आहे. म्हणजे मिसळणाचा डबा ओट्यावरच, दर फोडणीला माळ्यावर चढायला नको! बहुतेक खेळांत तो कमी विजेवर या बकासुराच्या बरोबरीने धावतो. उलट २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर जादा व्होल्टेजपायी डळमळू लागले आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. श्रीमंतीचेही आजार असतात.

दुकानदाराच्या भात्यातला दुसरा बाण म्हणजे "काका, पुढची सोय होईल." आपल्याकडे सगोत्र लग्न टाळतात, प्रोसेसर आणि बोर्ड यांना सॉकेटचं गोत्र एकच लागतं. इंटेलने २०१७ साली तर कमाल केली. २०१५ साली जे गोत्र होतं, तेच एलजीए ११५१. तरी नव्या प्रोसेसरला जुना बोर्ड चालेना! पुढे २०२० साली १२००, २०२१ साली १७००, २०२४ साली १८५१. सोय झाली, पण कोणाची? एएमडीचं एएम४ मात्र टिकलं. २०१७ सालच्या कित्येक बोर्डांवर, बायॉस बदलून, २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. तेही सुखासुखी नव्हे. २०२० साली जुन्या बोर्डांना नवे प्रोसेसर नाकारायचा बेत एएमडीनेही केला होता. गिऱ्हाइकांनी ओरडा केला तेव्हा कंपनीने माघार घेतली. ओरडा करावा, मंडळी! २०२२ साली आलेलं एएम५ निदान २०२७ पर्यंत चालवण्याचं वचन आहे. पुढची सोय असते ती अशी सॉकेटात. दिव्यांत नव्हे.

डॉक्टर आधी "काय होतंय?" विचारतो. दुकानदार आधी "बजेट किती?" विचारतो. उत्तर देऊ नका. आधी काम सांगा. कामाला पुरेल तो प्रोसेसर आणि प्रोसेसरला पोसेल तो बोर्ड घ्या. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, यूपीएसमध्ये घाला, नाहीतर पोराला पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची घ्या. कारण तो दिव्यांचा बोर्ड काचेच्या कॅबिनेटमधून घरी आला की टेबलाखाली जातो, आणि धूळ बसू नये म्हणून चौथ्या दिवशी त्यावर जुन्या चादरीचं कव्हर चढतं.