बोनस क्विंटलला की बांधीला?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात धानाच्या बोनसचा विषय निघाला, की खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते ठरलेली मागणी करतात: सरकारने खरेदीतून अंग काढून घ्यावे, भाव बाजारावर सोडावा, म्हणजे शेतकरी आपोआप दुसऱ्या पिकाकडे वळेल. गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, उभे राहून पाहिले, तर या युक्तिवादाचा पायाच कच्चा निघतो.

बाजार मुळात खुला आहे कुठे? २० जुलै २०२३ रोजी केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि पुढच्याच महिन्यात उकड्या तांदळावर २० टक्के निर्यातशुल्क बसवले. बंदी उठली ती २८ सप्टेंबर २०२४ला. मधला सगळा खरीप धान शेतकऱ्याने बांधलेल्या बाजारात विकला. भाव चढला की ग्राहकासाठी दार लावायचे आणि पडला की धानकऱ्याला मागणी-पुरवठ्याचे पाठ द्यायचे, हा न्याय नव्हे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आयुष्यभर खुल्या बाजाराच्या बाजूने बोलले, पण शेतकऱ्यावरची सरकारी बंधने हटवा ही त्यांची पहिली मागणी होती. तीच आज सोयीस्करपणे गाळली जाते.

दुसऱ्या पिकाचे म्हणाल, तर लाखोरीची गोष्ट आठवावी. कापणीआधी उभ्या धानात बी फेकायचे. उरलेल्या ओलीवर पीक येते. नांगरट नको, पाणी नको. या मातीला इतके मानवणारे दुसरे कडधान्य शोधूनही सापडणार नाही. १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली, आणि ती उठावी म्हणून नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींना वर्षानुवर्षे झगडावे लागले. शेतकऱ्याकडे दुसरे पीक होतेच. त्याचा बाजार सरकारने बुडवला.

२०१५ मध्ये शांताकुमार समितीने म्हटले, की देशातले जेमतेम ६ टक्के शेतकरी हमीभावाने विकतात. त्यावरून खरेदीच मोडीत काढा म्हणणारे बिहारकडे पाहत नाहीत. तिथे बाजार समित्यांचा कायदा २००६ मध्येच रद्द झाला. तरी तिथला धान हमीभावापेक्षा कमी भावात व्यापाऱ्याच्या गाडीत चढतोच. गोंदियातही खरेदी केंद्र उशिरा सुरू झाले, बारदाना संपला, मोजणीत ओलावा १७ टक्क्यांच्या मर्यादेवर निघाला, की हातउसने फेडायची घाई असलेला लहान शेतकरी पडेल भावाने माल देऊन मोकळा होतो. २०२५-२६चा २,३६९ रुपये हमीभाव त्याच्यासाठी फलकावरच राहतो. म्हणून खरेदी हवीच, आणि ती वेळेवर हवी.

मात्र बोनस क्विंटलमागे द्या, छत्तीसगडसारखा द्या, ही मागणीही घातक आहे. पलीकडे एकरी २१ क्विंटलपर्यंतचा धान ३,१०० रुपयांनी घेतला जातो. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीवरून मुंबई-कोलकाता महामार्गाने गेले की छत्तीसगडचा राजनांदगाव जिल्हा लागतो. बाहेरचा धान आत येऊ नये म्हणून छत्तीसगडला दर हंगामात सीमेवर नाके उभारावे लागतात. पैसा पोत्याला चिकटवला, की पोते ज्याच्या हाती, पैसा त्याचा. महाराष्ट्रानेही २०२०-२१ मध्ये क्विंटलमागे ७०० रुपये दिले होते. अशा पैशाचा ओढा साठवण आणि वाहतूक ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच असतो. शिवाय जितके क्विंटल तितका बोनस म्हटल्यावर धानाखेरीज काही पेरणे हा तोटाच ठरतो.

२०२२-२३ मध्ये राज्याने दिशा बदलली: हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पुढच्या वर्षी २०,००० झाले. हे पाऊल योग्य होते, पण ते अर्ध्यावर थांबले. मदत अजूनही धानालाच बांधलेली आहे. तीच रक्कम बांधीत लाखोरी, जवस किंवा हरभरा घेणाऱ्यालाही मिळाली, तर निवड खरोखर शेतकऱ्याची होईल. पीक बदला म्हणणाऱ्यांना हवे तेच घडेल आणि कुणाच्या डोक्यावरचे छप्पर काढावे लागणार नाही.

पाण्याचा हिशेबही असाच उलटा आहे. कोहळी समाजाने घडवलेल्या तलावांवर या मुलखाची शेती उभी राहिली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि या माजी मालगुजारी, म्हणजे मामा, तलावांना धनी उरला नाही. कित्येकांत गाळ साचला, काठावर अतिक्रमण झाले. एप्रिल २०२४ पासून मात्र साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज फुकट आहे. ज्याच्याकडे बोअर आहे त्याचा उन्हाळी धान त्यावर हिरवा होतो. तलावाखालचा, पंप नसलेला शेतकरी कोरडाच. फुकट विजेवर खर्च होणाऱ्या पैशातला काही वाटा तलावांतला गाळ काढण्याला आणि पाटांच्या दुरुस्तीला गेला, तर लाभ अख्ख्या गावाला होईल.

हेक्टरी मदतीतली एक उणीव तिच्या समर्थकांनीच आधी बोलायला हवी. पैसे सातबाऱ्यावरच्या नावावर जमा होतात. ठेक्याने किंवा बटईने रोवणी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. गावात कोणती बांधी कोण कसतो हे सगळ्यांना ठाऊक असते. ई-पीक पाहणीत कसणाऱ्याचे नाव नोंदवून, ग्रामसभेत यादी वाचून, मदत त्याच्या खात्यात टाकता येईल. पुढच्या शासन निर्णयात बोनसचा आकडा वाढवण्याआधी ही तरतूद यायला हवी.