वऱ्हाडी बोलला की हसायचं?

आमच्या कारंज्यात गुरुमंदिराच्या दर्शनाला महाराष्ट्रभरातून माणसं येतात. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान. त्यात कोणी नात्यागोत्याचं असलं की मुक्काम आमच्याकडे. असेच पुण्याचे एक पाहुणे आले होते. रात्री जेवणं आटोपल्यावर टीव्ही लावला. विनोदी कार्यक्रम चालू होता. त्यात वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं, त्यानं तोंड उघडलं आणि पाहुणे खळखळून हसले. मग माझ्याकडे वळून अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमची भाषाच मुळात विनोदी आहे हो! साधं 'जेवलास का' विचारलं तरी हसू येतं."

माणूस भला होता, म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. बोली गोड आहे, पण गंभीर प्रसंग तिला पेलत नाही. उरलेल्या महाराष्ट्राला ती कळत नाही, मग मालिकावाले तरी काय करतील? आणि शेवटचा टोला असा की, या विनोदांना सगळ्यांत जास्त तर तुम्ही विदर्भवालेच हसता. हे तिन्ही मुद्दे मी आजवर इतक्यांदा ऐकलेत की पाठ झालेत. त्या रात्री अतिथीधर्म म्हणून गप्प बसलो, पण गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे.

खरा प्रश्न माझ्या आईनं विचारला होता. पाहुणे झोपायला गेल्यावर ती म्हणाली, "त्या माणसानं असं काय म्हटलं होतं? आपल्यासारखाच त बोलून रायला होता थो. मंग हे हासून काहून रायले?"

उत्तर त्या कार्यक्रमाच्या रचनेत आहे. मंचावर दहा जण प्रमाण मराठी बोलतात आणि एकटा वऱ्हाडी बोलतो. विनोद वाक्यात नसतो, त्या एकटेपणात असतो. उलटं करून पाहा. दहा वऱ्हाडी माणसांत एक सदाशिवपेठी सोडा, बघा कोण कोणाला हसतं ते! इथं कोणी 'वस्त्रहरण'चा दाखला देईल. गंगाराम गवाणकरांचं ते नाटक 1980 साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले, लंडनपर्यंत नेलं, आणि विनोदाच्याच पाठीवर बसून मालवणी महाराष्ट्रभर फिरली. मग वऱ्हाडीनं का रुसावं? दाखला बिनतोड वाटतो, पण तो माझ्या बाजूचा आहे. 'वस्त्रहरण'मध्ये सगळा गाव मालवणी बोलतो. हसू येतं ते गावच्या नाट्यमंडळाच्या फजितीचं, सरपंचांच्या तोऱ्याचं. तिथं मालवणी यजमान होती. आमची वऱ्हाडी मात्र दुसऱ्याच्या घरी करमणुकीला बोलावलेली.

यात भारत गणेशपुऱ्यांवर माझा अजिबात राग नाही. 'चला हवा येऊ द्या'मध्ये त्यांनी ज्या सफाईनं बोली वापरली तशी सफाई अनेकांना जमत नाही, आणि त्यांच्यामुळे वऱ्हाडी निदान घराघरात ऐकू तरी आली. तक्रार आहे ती दार तेवढंच किलकिलं ठेवणाऱ्यांबद्दल.

गंभीर प्रसंग पेलत नाही म्हणणाऱ्यांनी उद्धव शेळके यांची 'धग' वाचली नसणार. 1960 सालची कादंबरी. वऱ्हाडातल्या खेड्यातली कौतिक नावाची बाई, शिलाईच्या धंद्यात हात चालत नसलेला नवरा, त्याला जडलेला महारोग, पोरांची परवड. संवाद सगळे वऱ्हाडीत. कौतिकच्या तोंडचं वाक्य वाचून हसणारा वाचक मला अजून भेटायचा आहे. (2012 चा 'धग' हा गाजलेला चित्रपट या कादंबरीवरचा नाही. तो स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाचा. शेळक्यांच्या कौतिकला पडद्यावर आणायचं म्हटलं तर आजही हातभर मजकूर तयार पडलेला आहे.) महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तला देशपांड्यांचा वाडा ढासळतो तो वऱ्हाडी बोलतच. त्यातल्या वहिनीचं बोलणं ऐकताना प्रेक्षागृहात टाचणी पडली तर ऐकू येते.

आणि पडद्याचंच म्हणाल तर 'गाभ्रीचा पाऊस' आहे. सतीश मनवर यांचा 2009 चा चित्रपट. शीर्षकातच आमच्याकडची शिवी. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केलेली, म्हणून अलकाला धास्ती की आपला किस्नाही तेच करेल. मग ती त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला मागे लावते, सासूला बसवते, त्याला गोडधोड करून घालते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी हे दोघेही वऱ्हाडातले नाहीत, पण ते बोलतात तेव्हा परकं वाटत नाही. या चित्रपटात हसू भरपूर आहे बरं! नवरा जरा नजरेआड झाला की बायकोची जी धावपळ होते ती पाहून आपण हसतो, आणि हसता हसता आवंढा येतो, कारण ती कशाला भिते हे आपल्याला माहीत असतं. कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला तर जास्तच. विनोद आणि बोली यांचं वैर आहे असं माझं म्हणणं नाहीच. माणसाच्या अवस्थेवर हसणं वेगळं, त्याच्या उच्चारावर हसणं वेगळं.

आता 'कळत नाही' हा मुद्दा. 'सैराट' 2016 साली आला. करमाळ्याकडची बोली, अनोळखी चेहरे, आणि मराठी चित्रपटाच्या कमाईचे सगळे जुने आकडे मोडीत निघाले. तेव्हा कारंज्यातल्या माणसानं शब्दकोश उघडला नव्हता. मल्टिप्लेक्ससाठी अकोला-अमरावती गाठली आणि आर्चीचं सगळं समजलं. 'रात्रीस खेळ चाले' लागली, आम्हाला अण्णा नाईक कळले. 'तुझ्यात जीव रंगला'मुळे कोल्हापुरी कळली. आम्ही सगळ्यांच्या बोली समजून घ्यायच्या आणि आमची मात्र कोणाला कळत नाही, हा कुठला न्याय?

यावर मालिकावाले राधिकाकडे बोट दाखवतील. 'माझ्या नवऱ्याची बायको' 2016 मध्ये सुरू झाली. नायिका नागपूरची, बोलणं त्या बाजूचं. मूळच्या नाशिकच्या अनिता दाते यांनी ती उभी केली, आणि मालिका चार वर्षांहून जास्त चालली. हे मी खुल्या मनानं मान्य करतो, कारण त्यानं माझंच म्हणणं सिद्ध होतं. मुंबई-पुण्याच्या घरांनी वैदर्भी बोलणारी नायिका रोज रात्री घरात घेतली, तिच्यासाठी डोळे पुसले, तिच्या नवऱ्याला नादी लावणाऱ्या शनायाला शिव्या घातल्या. म्हणजे प्रेक्षक अडला नव्हता. मग राधिकेनंतर ती वाट रुंद का झाली नाही?

इथं टीआरपीचं नाव निघतं. देशात टीव्ही असलेली घरं 20 कोटींवर, आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे मीटर लागलेली घरं हजारांतली, लाखालाही न पोचणारी. नमुना घेऊनच मोजायचं असतं हे मलाही कळतं. भाताचं शीत आम्हीही दाबून पाहतो. पण शीत दाबून भात शिजला की नाही ते कळतं. ताटात भाकर हवी होती का, हे शीत कसं सांगणार? जे वाढलंच नाही त्याचा आकडा येत नाही. 'प्रेक्षकांना हेच लागतं' हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे.

राहिलं आमचं स्वतःचं हसणं. हो, हसतो. आपली बोली टीव्हीवर ऐकली की आधी आनंदच होतो, मग भले ती जोकराच्या तोंडी का असेना. उपाशी माणूस शिळी भाकर चवीनं खातो म्हणून त्याला शिळंच आवडतं, असा निष्कर्ष वाढणाऱ्यानं काढू नये.

मात्र आमच्याकडच्या एका गटाशीही मला भांडायचं आहे. वऱ्हाडीत विनोद झाला की यांच्या भावना दुखावतात; निवेदन, निषेध, माफीची मागणी. यानं काय होतं? लेखक घाबरून ते पात्रच काढून टाकतो, आणि होता तो एक आवाजही जातो. मला पात्रं कमी नकोत, जास्त हवीत. वऱ्हाडी बोलणारा कपटी सावकार चालेल. लाच खाणारा साहेब चालेल. प्रेमात पडलेला, कविता करणारा, खून करून शांतपणे चहा पिणाराही चालेल.

फक्त बोली खरी हवी. वाक्यात दोन 'बे', एक 'काहून' आणि शेवटी 'रायलो' टाकला की वऱ्हाडी होत नाही. नागपूरची लकब वेगळी, वाशीम-अकोल्याची वेगळी. 'मला'चं 'मले' होतं, 'तो'चा 'थो' होतो, बऱ्याच तोंडी 'डोळे'चे 'डोये' होतात, आणि 'रायलो' चालू क्रियेलाच लागतं, वाटेल तिथं नाही. व्याकरण आहे त्याला. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा 'लीळाचरित्रा'चं नाव सगळ्यांनी अभिमानानं घेतलं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात तो ग्रंथ सिद्ध केला तो रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात, म्हणजे याच वऱ्हाडात. ग्रंथ आमच्याकडचा चालतो, तर उच्चार का नाही?

हा सगळा लेख मी प्रमाण मराठीत लिहिला, हेही लक्षात आलं असेल. शाळेनं लावलेली सवय. आईनं वाचला तर तिला यातला तिचा प्रश्न तेवढा आपला वाटेल.

तेव्हा मालिका लिहिणाऱ्यांना एक विनंती. पुढचं वऱ्हाडी पात्र रंगवण्याआधी हंगामात चार दिवस कारंज्याला या. बाजार समितीत अडते, हमाल आणि कास्तकार सोयाबीनच्या भावावरून भांडतात ते ऐकत बसा. समृद्धी महामार्गावरून उतरायला कारंजा लाडचा फाटा आहे. वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगेला जाऊ नका. जेवायची सोय आमच्याकडे.