तेलासाठी अरण्यांचा बळी नको!

2022 सालच्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने पात्र शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, चणाडाळ व साखर ह्यांच्या जोडीला त्यात एक लिटर पामतेल होते. हे तेल कोठल्या भूमीतून आले, ह्याची चौकशी शिधा घेणाऱ्या गरिबाने करावी, अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. ती चौकशी देणाऱ्याने करावयाची असते. आणि फरसाण, बिस्किटे, साबण ह्यांच्या रूपाने तेच तेल नित्य घरात आणणाऱ्या सुशिक्षित मध्यमवर्गानेही करावयाची असते. भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा आहे, असे म्हणून हात झटकण्याची सोय आपणांस उरलेली नाही.

तेलताड हा मूळचा पश्चिम आफ्रिकेचा वृक्ष. 1848 साली त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती-उद्यानात लावली गेली. आज जगातील सुमारे 85 टक्के पामतेल इंडोनेशिया व मलेशिया हे दोनच देश पिकवितात. ह्या वैभवासाठी सुमात्रा आणि बोर्निओ येथील विस्तीर्ण वर्षावने तोडली गेली. शतकानुशतके साठलेला कार्बन पोटात घेऊन असलेल्या पाणथळ जमिनी चर खणून कोरड्या करण्यात आल्या. अशी कोरडी जमीन पेटली की महिनोन्‌महिने धुमसत राहते. 2015 साली इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर भूमी होरपळली, आणि तिच्या धुराने सिंगापूर व मलेशियातील जनतेचाही श्वास कोंडला. त्या आगींना एकटा तेलताडच कारण होता असे नव्हे. परंतु त्यातून त्याची सुटकाही करता येणार नाही. बोर्निओचा ओरांगउटान 2016 पासून अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे, तो काही दैवगतीने नव्हे.

मग पामतेलावर बहिष्कार घालावा काय? हा उपाय टाळ्या मिळविणारा असला, तरी विचाराच्या कसोटीस उतरणारा नाही. एक हेक्टर जमिनीतून तेलताड सरासरी तीन टनांहून अधिक तेल देतो. सोयाबीन जेमतेम अर्धा टन. पामतेल सोडून तितकेच तेल दुसऱ्या पिकातून काढू गेल्यास कितीतरी अधिक जमीन लागेल आणि कुऱ्हाड दुसऱ्या कोणत्या तरी अरण्यावर पडेल. शिवाय इंडोनेशियातील तेलताडाच्या क्षेत्रापैकी सुमारे 40 टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांचे आहे. त्यांच्या तोंडचा घास काढून घेणे, हा काही निसर्गप्रेमाचा अर्थ नव्हे. दोष वृक्षाचा नाही; तो कोठे आणि कसा लावला जातो, ह्याचा आहे.

हा दोष दूर होऊ शकतो, ह्याचा पुरावा आहे. शाश्वत पामतेलासाठी 2004 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र आज जगातील सुमारे पंचमांश उत्पादनास लाभलेले आहे. इंडोनेशियाने 2011 साली मूळ अरण्यांत नव्या परवान्यांना दिलेली स्थगिती 2019 साली कायम केली. 2012 नंतरच्या दशकात तेथे तेलताडासाठी होणारी जंगलतोड बरीच मंदावली. प्रमाणपत्रे निर्दोष नसतात, आणि कागदावरचा नियम रानात पोहोचेतो पुष्कळ पाणी पुलाखालून वाहून जाते, हे खरे. परंतु खरेदीदाराने आग्रह धरला, की उत्पादकाला वळण लागते, हेही तितकेच खरे. हा आग्रह युरोपने धरावा आणि सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने केवळ भाव पाहावा, हे शोभणारे नाही.

आता तर हा प्रश्न आपल्या अंगणात आला आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये 11,040 कोटी रुपयांची तेलताड योजना मंजूर केली आणि ईशान्य भारत व अंदमान-निकोबार ह्यांवर तिचा विशेष भर ठेवला. आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. स्वावलंबनाचा हेतू म्हणूनच योग्य आहे. परंतु ज्या प्रदेशांची निवड झाली, तेथेच देशातील सर्वांत समृद्ध वने आहेत. मिझोरममध्ये केलेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की ज्या झूम शेतीला आपण नावे ठेवतो, तिच्या परिसरात तेलताडाच्या मळ्यांपेक्षा अधिक वनपक्षी नांदतात. सुमात्राने ठेच खाल्ली. मागच्याने शहाणे व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

आमची मागणी साधी आहे. तेलताड लावावयाचा तर तो आधीच लागवडीखाली असलेल्या आणि पाण्याची खात्री असलेल्या जमिनीवर लावावा. वनभूमीत व झूमच्या पडीक रानांत नको. सरकारने स्वतः खरेदी केलेले पामतेल अरण्यतोडीपासून मुक्त असल्याची अट निविदेतच घालावी. अशा तेलास आयातशुल्कात सवलत द्यावी. आणि आपण ग्राहकांनी वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचून उत्पादकास दोन प्रश्न विचारावेत. दिवाळीची कढई चुलीवर चढलीच पाहिजे. तिच्याखाली दुसऱ्याचे अरण्य जळू नये, एवढी दक्षता घेणे आपल्या हाती आहे. ती आपण घेणार की नाही, हाच प्रश्न आहे.