मोटारीच्या पेटीस आर्थिंग हवेच

विहिरीवरची मोट जाऊन तेथे विजेची मोटार आली, त्यास आता दोन-तीन पिढ्या लोटल्या. मोटेचा नाडा झिजला तर तो डोळ्यांना दिसे. धाव खचली तर बैलाच्या पावलावरून कळे. विजेच्या मोटारीचे तसे नाही. तिच्या पेटीत शिरलेला दोष दिसत नाही, ऐकू येत नाही आणि पाणी तर पूर्वीसारखेच पडत राहते. म्हणूनच पंप चालतो आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असा समज आपल्या गावोगावी रूढ झाला आहे. हा समज घातक आहे, आणि तो दूर करण्याच्या कामी आपण विस्तार कर्मचाऱ्यांनी अंग राखले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या उन्हाळ्यात उसाच्या पाहणीसाठी एका गावी गेलो असता पाण्याच्या पाळीविषयी बोलणे निघाले. पंप सुरू करून पाहू, म्हणून मी स्टार्टरच्या लोखंडी पेटीकडे वळलो, तोच त्या वृद्ध शेतकऱ्याने मला थांबविले. ते म्हणाले, "पेटीला हात लावू नका साहेब, जरा करंट मारते. आम्ही काठीनेच बटण दाबतो." पेटीशेजारी खुंटीला कळकाची एक काठी टांगलेली होती. रोजच्या वापराने ती गुळगुळीत झाली होती. "किती दिवस झाले, काका?" असे विचारता उत्तर आले, "झाली की तीन-चार वर्षे. पण पंपाची कधी तक्रार नाही."

त्याच दिवशी परवानाधारक वायरमनला बोलावून, पुरवठा बंद करवून, पेटी उघडून पाहिली. खांबावरून आलेली केबल आर्मर्ड, म्हणजे पोलादी तारांचे चिलखत असलेली होती. ते चिलखत पेटीच्या बाहेरच वीतभर अंतरावर कापून टाकलेले होते. उरलेली केबल पेटीच्या तळाशी पाडलेल्या उघड्या छिद्रातून तशीच आत घेतली होती. मोटारीच्या थरथरीने छिद्राची धारदार कड केबलवर घासत राहिली, आवरण कापले गेले आणि एका तारेचा पेटीच्या पत्र्याशी स्पर्श होऊ लागला. आर्थिंगची तार होती. परंतु तिचे एक टोक रंग न खरवडलेल्या बोल्टला गुंडाळलेले होते, व दुसरे टोक कोरड्या मातीत हातभर पुरलेले होते. केबल चांगल्या प्रतीची, पेटी नवी, मोटार नावाजलेली. आणि तरीही त्या मळ्यातील प्रत्येक माणूस व जनावर रोज मरणाच्या शेजारून वावरत होते.

या ठिकाणी मूळ प्रमाद कोणता, ते नीट समजून घेतले पाहिजे. चिलखत हे केवळ कुदळीच्या घावापासून केबलचे रक्षण करण्यासाठी असते, असे बहुतेकांस वाटते. त्याचे दुसरे कार्य तितकेच महत्त्वाचे आहे. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेले लोखंड असल्यामुळे गळतीचा प्रवाह सुरक्षितपणे आर्थिंगकडे नेण्याचा मार्ग होऊ शकते. मात्र त्यासाठी ते दोन्ही टोकांस घट्ट बांधले गेले पाहिजे. न जोडलेल्या चिलखतात उलट धोका असतो. केबलला कोठे जखम होऊन आतील तार त्यास टेकली, तर सबंध केबल जिवंत होते आणि बांधावर उघडी पडलेली तिची तारही माणसास झटका देऊ शकते.

चिलखत पेटीस बांधण्याचे साधन म्हणजे ग्लँड. चिलखताच्या तारा योग्य लांबीवर कापून ग्लँडच्या शंकूवर चोहोबाजूंनी सारख्या पसरावयाच्या, वरून कडी बसवून पान्याने आवळावयाच्या आणि ग्लँड पेटीच्या पत्र्यास पक्की करावयाची, अशी ही रीत आहे. ग्लँड ज्या जागी बसते तेथील रंग खरवडून पत्रा उजळ करणे आवश्यक आहे, कारण रंग विजेस अडवितो. केवळ पत्र्याच्या स्पर्शावर विसंबून न राहता ग्लँडखाली आर्थिंगची चकती बसवून तीवरून स्वतंत्र तार आर्थिंगच्या बोल्टास न्यावी. पेटी प्लॅस्टिकची असेल तर ही चकती व तार यांवाचून गत्यंतरच नाही; तेथे धातूची ग्लँड बसविली तरी ती कशासच जोडली जात नाही. पेटीचे दार बिजागरीवर फिरते. तेव्हा दारासही लवचिक तारेने पेटीशी जोडून घ्यावे. ग्लँडमुळे आणखी एक लाभ होतो. छिद्र बंद झाल्यामुळे पाली, उंदीर व मुंग्या आत शिरत नाहीत, आणि पावसाळ्यात ओलही कमी जाते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो : "फ्यूज आहे ना? गळती झाली तर तो उडेलच." हा भरवसा किती पोकळ आहे, ते साध्या गणिताने पाहू. एका फेजचा दाब जमिनीच्या तुलनेत सुमारे २३० व्होल्ट असतो. समजा, मळ्यातील आर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि रोहित्राकडील आर्थिंगचा ५ ओहम. फेजची तार पेटीस टेकली तर २३० भागिले २५, म्हणजे सुमारे ९ अँपिअर प्रवाह जमिनीत वाहील. पाच अश्वशक्तीच्या मोटारीस चालू स्थितीतच ७ ते ८ अँपिअर लागतात. तिच्यासाठी १५-२० अँपिअरचा फ्यूज घातलेला असतो, आणि तो उडू नये म्हणून पुष्कळदा जाड तार गुंडाळलेली असते. असा फ्यूज ९ अँपिअरने उडणार नाही. पेटीवर मात्र ९ गुणिले २०, म्हणजे सुमारे १८० व्होल्टचा दाब तासन्‌तास उभा राहील. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा सुमारे तेहतिसावा हिस्सा, एवढा प्रवाह काही काळ वाहिला तरी प्राणावर बेतू शकते. फ्यूज केबलचे व मोटारीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आर्थिंगचा रोध होईल तितका कमी असावा. दुसरी, आर्थिंगच्या जोडीस गळतीरोधक स्विच, ज्यास ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात, तो बसविलाच पाहिजे. तो काही मिलिअँपिअर गळतीवरच पुरवठा तोडतो. परंतु आर्थिंग नसेल तर गळतीस वाटच नसते, आणि माणसाने हात लावीपर्यंत तो स्विच स्वस्थ बसतो. दोन्ही असतील तर दोष उत्पन्न होताच पुरवठा तुटतो आणि कोणाचा हात लागण्याची वेळ येत नाही. "हा स्विच सारखा पडतो, म्हणून काढून टाकला," असे उद्गार मी अनेकदा ऐकले आहेत. राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्यास हाकलून देण्यासारखेच हे आहे. स्विच पडतो तेव्हा केबलच्या जोडात किंवा मोटारीच्या वेटोळ्यात ओल शिरली आहे काय, ते शोधावयास हवे.

आर्थिंगचा दुसरा अर्धा भाग जमिनीत असतो, आणि येथे तर कृषी कर्मचारी वायरमनपेक्षाही अधिक उपयोगी पडू शकतो. माती परीक्षणात आपण क्षारता पाहण्यासाठी मातीची विद्युत वाहकता मोजतो. त्याच गुणधर्मावर, म्हणजे ओल व विद्राव्य क्षार यांवर, आर्थिंगचे यश अवलंबून असते. भारी काळी जमीन ओली असता वीज चांगली वाहून नेते. पण वैशाखात तीच जमीन भेगाळते आणि पुरलेल्या पाइपापासून सुटते. श्रावणात उत्तम ठरलेले आर्थिंग उन्हाळ्यात निकामी होऊ शकते ते यामुळेच. मुरमाड व कातळाच्या जमिनीत, तसेच कोकणातील जांभ्यात, रोध मुळातच जास्त असतो. कालव्याखालील क्षारपड जमिनीत रोध कमी, परंतु तेथे जस्ताचा मुलामा लवकर खाल्ला जाऊन पाइप गंजतो. सबब, एकच पद्धत सर्वत्र चालेल असे मानू नये.

भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. ३०४३ या आर्थिंगविषयक संहितेत, जिची सुधारित आवृत्ती २०१८ साली निघाली, पाइप, पत्रा व पट्टी असे इलेक्ट्रोडचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. खोल माती असेल तेथे सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा पुरावा. हातभर मातीखाली कातळ लागत असेल तेथे पाइप जेमतेम टेकवून समाधान मानण्यापेक्षा जमीन सापडेल त्या बाजूने चर काढून निदान १५ मीटर लांबीची पट्टी आडवी पुरणे श्रेयस्कर होय. जागा स्वभावतः ओलसर असावी. परंतु जिच्यावरून पाटाचे पाणी सतत वाहते अशी जागा टाळावी, कारण वाहत्या पाण्याने मातीतील उपयुक्त क्षार धुपून जातात. उन्हाळ्यात खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे. खड्ड्याजवळ किंवा खांबाच्या ताणास गुरे बांधू नयेत. दोष उत्पन्न झाल्यास त्या भोवतालच्या जमिनीत दाब पसरतो, आणि जनावराच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळे त्यास तो माणसापेक्षा लवकर बाधतो.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. पूर्वी विहिरीत लोखंडी पाइप उतरविलेला असे, आणि त्याच्याद्वारे मोटारीस नकळत काही भूसंपर्क मिळून जाई. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे पाइप आले आहेत. ते विजेस वाट देत नाहीत. तेव्हा "आमच्याकडे आर्थिंगवाचून वर्षानुवर्षे काही झाले नाही," हा जुना अनुभव नव्या पाइपास लागू पडत नाही. दुसरी गोष्ट अशी की, मळ्यात एकच फेज असताना दिवा लावण्यासाठी आर्थिंगच्या तारेचा न्यूट्रल म्हणून उपयोग करण्याची खोड अनेकांस आहे. असे केल्याने दिव्याचा प्रवाह आर्थिंगमध्ये उतरतो, आणि रक्षणासाठी घातलेली तारच पेटीवर दाब आणून ठेवते. ही खोड तत्काळ सोडली पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीनेही ही ऐच्छिक बाब नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच अशा मोटारीच्या सांगाड्यास मालकाने दोन स्वतंत्र जोडण्यांनी आर्थिंग करावे, आणि केबलच्या धातूच्या आवरणासही ते जोडावे, असे बंधन होते. त्या नियमांची जागा २०१० साली, व पुढे २०२३ साली, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली. आर्थिंगची आवश्यकता मात्र कायम राहिली. दोन जोडण्यांचा हेतू उघड आहे : एक गंजली अथवा तुटली तरी दुसरी राहावी.

नियम आहेत, संहिता आहे, साहित्यही तालुक्याच्या बाजारात मिळते. मग उणे कोठे पडते? माझ्या मते ते पंप पुरा झाला असे आपण केव्हा म्हणतो, यात पडते. पाइपातून पाणी पडले की शेतकरी निश्चिंत होतो, वायरमन मजुरी घेऊन जातो, आणि आपण ठिबक व खत यांकडे वळतो. ग्लँडचा व पाइपाचा खर्च मोटारीच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. परंतु तो काहीच उत्पन्न देत नसल्यामुळे सर्वांत आधी त्यालाच कात्री लागते. विजेचे काम हे आपले काम नव्हे, असे काही सहकारी म्हणतील. पेटी उघडणे अथवा तार जोडणे हे आपले काम नव्हे, हे खरेच. ते परवानाधारकानेच, पुरवठा बंद करून करावे. परंतु पाहणे आणि विचारणे हे आपले काम आहे. पंपाजवळ गेल्यावर चार प्रश्न विचारावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. केबल ग्लँडमधून आत गेली आहे काय? पेटी व मोटार यांना दोन स्वतंत्र तारा आहेत काय, व त्या जमिनीपर्यंत अखंड आहेत काय? गळतीरोधक स्विच आहे काय, व त्याचे चाचणीचे बटण दाबताच तो पडतो काय? आर्थिंगचा रोध यंत्राने शेवटचा केव्हा मोजला? हे मोजमाप वैशाखात, जमीन सर्वांत कोरडी असताना करून घ्यावे, आणि आकडा तारखेसह पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

जेथे रात्रीच्या पाळीस वीज मिळते, तेथे शेतकरी अंधारात, ओल्या मातीत, कित्येकदा अनवाणी पेटीपाशी जातो. घरातील मुले आणि स्त्रियाही जातात. प्रत्येकास काठीची आठवण राहील, असे धरून चालणे म्हणजे जीव नशिबावर सोपविणे होय. ज्या मळ्याचा उल्लेख वर केला, तेथे नवी ग्लँड बसविली, मुरमाचा थर टाळून विहिरीच्या खालच्या अंगास दोन पाइप पुरले आणि गळतीरोधक स्विच लावला. काम एका दिवसात पुरे झाले. ती काठी आता दोडक्याच्या मांडवास लावलेली आहे. आपल्या गावात पेटीशेजारी अशी काठी कोठे टांगलेली दिसल्यास, त्या पंपाचे काम अपुरे राहिले आहे असे समजावे आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.