नाव एक, माप एक

आपल्या तालुक्यातील बाणकोटचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्या विद्यार्थ्यांस आम्ही विचारतो, तो हिम्मतगड की फोर्ट व्हिक्टोरिया? तीनही नावे एकाच किल्ल्याची. इंग्रजांनी तो घेतला, तेव्हा शेवटचे नाव पडले. कोशात एके ठिकाणी एक व दुसरे ठिकाणी दुसरे नाव छापले, तर परगावचा वाचक एका किल्ल्याचे तीन किल्ले करील. तसेच आपल्या आंबडव्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे मूळ गाव कित्येक पुस्तकांत 'अंबावडे' असे छापलेले आढळते.

किल्ल्याच्या वा गावाच्या बाबतीत ही चूक एक वेळ क्षम्य ठरेल. परंतु जेथे निरपराध माणसे मारली गेली, अशा विषयात ती क्षम्य नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात, हल्लेखोर वगळता, १६६ माणसे प्राणास मुकली. हल्लेखोरांची संघटना कोठे 'लष्कर-ए-तोयबा', तर कोठे 'लष्कर-ए-तैयबा' अशी छापली जाते. मालेगावी २००६ साली व पुन्हा २००८ साली बॉम्बस्फोट झाले. मथळ्यात सन न घातल्यास एका घटनेतील मृत व आरोपी दुसऱ्या घटनेत जाऊन बसतील. हा अन्याय केवळ शुद्धलेखनाचा नव्हे.

यास्तव आमचे मत असे की, कोशकारांनी प्रत्येक व्यक्तीचे, स्थळाचे व संघटनेचे मराठीत रूढ असलेले एकच रूप ठरवावे, इतर रूपे लेखाच्या आरंभी एकदाच नोंदवावी, आणि पुढे ठरलेले रूप शेवटपर्यंत पाळावे. घटनेच्या वेळचे नाव आधी, आजचे नाव नंतर द्यावे. २००८ साली ज्या स्थानकावर गोळीबार झाला, त्याचे तेव्हाचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस. त्यात 'महाराज' हा शब्द २०१७ साली जोडला गेला.

येथवर कोणाचा विरोध असेल असे वाटत नाही. खरी कसोटी पुढे आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यास रँड व आयर्स्ट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. मारणाऱ्या बंधूंचे आडनाव कोठे 'चापेकर', कोठे 'चाफेकर' असे लिहितात. तो भेद सहज मिटेल. परंतु तत्कालीन सरकारने ज्यांस खुनी म्हणून फासावर चढविले, त्यांसच आपण क्रांतिकारक म्हणून वंदन करतो. मग कोशाने काय लिहावे? आमच्या मते, प्रथम कृत्य लिहावे: कोणी, कोणास, कोठे, केव्हा मारले आणि पुढे काय शिक्षा झाली. त्यानंतर कोणी त्यांस काय म्हटले, ते म्हणणाऱ्याच्या नावासह सांगावे. मारणारा आपल्यास प्रिय की अप्रिय, यावरून शब्द बदलू लागला, तर तो कोश न राहता वकीलपत्र होईल. तसेच न्यायालयाने दोषी ठरविले नाही तोवर 'आरोपी' या शब्दापुढे जाऊ नये.

कोणी म्हणेल, इतकी समदृष्टी ठेवल्यास दुष्टास दुष्ट म्हणण्याचे धैर्य उरणार नाही. आम्हांस तसे वाटत नाही. मृतांची संख्या व मारण्याची रीत नीट सांगितली की वाचकाचे अंतःकरण आपला निवाडा आपणच करते. मात्र एका गोष्टीविषयी आमचा आग्रह आहे. हल्लेखोरांचा धर्म मथळ्यात घालू नये. त्याच धर्माची निष्पाप मुले आमच्या वर्गात एकाच बाकावर बसतात. तो मथळा त्यांनीही वाचावयाचा असतो.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आज निबंध लिहिता, उद्या तुमच्यांतीलच कोणी कोश लिहील. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाच्या वहीत एकच नाव दोन प्रकारे लिहिलेले दिसल्यास ते क्षुल्लक म्हणून सोडू नये. कोणते रूप घेतले आणि का, हे त्यास अवश्य विचारावे.