महापौरांना शिलारसात का बुडवू नये

महापौर डोईजड झाला तर त्याचे काय करायचे, या प्रश्नाला ‘ड्वॉर्फ फॉर्ट्रेस’ खेळणाऱ्या मंडळींत गेली कित्येक वर्षे एकच उत्तर ठरलेले आहे. त्याला एखाद्या खोलीत जाऊ द्यावे, बाहेरून दार बंद करावे आणि कळ ओढावी. उरलेले काम शिलारस करतो. याला खेळाडू ‘दुर्दैवी अपघात’ म्हणतात आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसतात. हा अपघात मीही एकदा घडवून आणला आहे. त्यानंतर जे झाले त्याने माझे मत पार बदलले. माझ्या खोलीतल्या मित्राला ते मत मुळीच मान्य नाही, म्हणून आमचे भांडण मी या पानांवर आणीत आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा अमेरिकन भावांनी तो २००६ साली लोकांपुढे फुकट ठेवला. त्या वेळी पडद्यावर चित्रे नव्हती, नुसती अक्षरे आणि चिन्हे. पाहणाऱ्याला वाटावे, यंत्र बिघडले आहे. चित्रांची, विकत मिळणारी आवृत्ती आली ती डिसेंबर २०२२ मध्ये. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली जे पहिले चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले, त्यांत हा एक होता. तेव्हा प्राध्यापक मंडळींनी ‘पोरखेळ’ म्हणून पान उलटू नये, ही विनंती.

खेळात आपण सात बुटक्यांना घेऊन डोंगरात वसाहत उभारतो. (सात ऐकताच माझी धाकटी बहीण ‘हिमगौरी कुठे आहे?’ असे विचारते.) आपण कोणाही एकाचे सोंग घेत नाही. खाणा, कोठारे, भट्ट्या, शेते यांची आखणी करायची आणि बुटके ती आपल्या कुवतीप्रमाणे पार पाडतात. त्यांना नावे आहेत, आवडीनिवडी आहेत, मित्र आहेत, मुलेबाळे आहेत. मला सर्वांत आवडतो तो हिशेबनीस. तो नेमला नाही, किंवा त्याला बसायला जागा आणि कामाला सवड दिली नाही, तर कोठारातील मालाचे आकडे मोघम दिसतात. तो नेटाने कामाला लागला की आकडे अचूक होऊ लागतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अशा खेळाचा मोह न पडला तरच नवल.

वस्ती पन्नासावर गेली की महापौराची निवडणूक होते आणि तोवरच्या म्होरक्याचे पद आपोआप जाते. माझा मित्र कानडी, त्यामुळे तो महापौराला ‘गौडा’ म्हणतो आणि मी ‘पाटील’. त्रास दोघांनाही सारखाच. या निवडणुकीत आपल्याला मत नाही. निवडून येतो तो बोलका, गोष्टीवेल्हाळ, ज्याची जास्तीत जास्त लोकांशी ओळख आणि मैत्री आहे असा बुटका. आता ओळखी वाढवायला वेळ कोणाला असतो? जो दिवसभर खाणीत कुदळ चालवतो त्याला नाही. जो सरायीत बसून गप्पा छाटतो त्याला. आपल्या संमेलनाच्या चिटणीसपदी कोण निवडून येते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात काही नवे वाटणार नाही.

महापौर झाला की त्याला दालन हवे, जेवणाची स्वतंत्र खोली हवी, आणि तो हुकूम सोडू लागतो. हुकूम दोन प्रकारचे. एक, अमुक वस्तू अमुक मुदतीत इतक्या नग बनवा. दुसरा, अमुक वस्तू वसाहतीबाहेर विकू नका. ते त्याच्या आवडीनिवडीतून निघतात, वसाहतीच्या गरजेशी त्यांचा संबंध नसतो. आणि खरी गोम पुढेच आहे. हुकूम मोडला गेला तर शिक्षा आपल्याला होत नाही, हुकूम सोडणाऱ्याला तर नाहीच नाही. वस्तू बनली नाही म्हणून एखादा कारागीर पकडला जातो. बंदी असलेला माल विकला गेला तर तो व्यापारतळावर वाहून नेणारा हमाल पकडला जातो. त्याला साखळीने बांधून ठेवायचे किंवा मारायचे, हे काम कोतवालाचे. कोतवाल लष्करी तालमीतला गडी असेल तर त्याचा मार खाऊन माणूस मरतोसुद्धा.

माझ्या वसाहतीचे सारे पोट दगडी पेल्यांवर होते. दगड फुकटचा, कारागीर तरबेज, पेले हलके. शरद ऋतूत बुटक्यांच्या राजधानीकडून व्यापाऱ्यांचा तांडा येतो. त्याला पेले द्यायचे आणि बदल्यात पोलाद, कापड, चामडे घ्यायचे, असा आमचा सालाबादचा व्यवहार. त्या वर्षी तांडा दारात उभा असताना पाटलांनी पेल्यांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यांना पेले आवडत! मी हुकूम नीट वाचला नाही आणि माल विकून बसलो. एक हमाल मार खाऊन मेला. तो काही नामांकित कारागीर नव्हता. मासे साफ करायचा आणि बोलावले की ओझी उचलायचा.

मी संतापलो. मित्र म्हणाला, “आता तरी गौडाची व्यवस्था कर.” मी केली. पाटलांच्या नव्या दालनाच्या भिंतीआडून शिलारसाचा पाट आणला, झडप बसवली, झडपेला कळ जोडली. हा सगळा खर्च मी मनातल्या मनात ‘प्रशासकीय सुधारणा’ या खात्यावर टाकला.

कळ ओढण्याचे काम आपण कोणाच्या नावे लावत नाही, जो मोकळा असेल तो जाऊन ओढतो. तो कोण होता हे मी नंतर पाहिले. वसाहतीतली वैद्यबाई. तिच्या स्नेह्यांच्या यादीत पाटलांचे नाव होते.

पुढचे सांगायला मला फारसे आवडत नाही, पण सांगतो. पाटलांचे प्रेत उरले नाही. ज्याला मूठमाती मिळत नाही त्याचे या खेळात भूत होते. ते टाळायला दगडाची स्मृतिशिला कोरून बसवावी लागते. तीही मी बसवली. पण जिवंत माणसांसाठी अशी शिला नाही. पाटील निवडून का आले होते? त्यांचे मित्र सर्वांत जास्त होते म्हणून. म्हणजे वसाहतीत ज्याच्या मरणाने सर्वाधिक लोकांना दुःख होईल असा नेमका माणूस मी निवडून काढला होता! त्यांची बायको, तिची भावंडे, दारू गाळणारा, दोन सैनिक, वैद्यबाई, सगळी एकेक करून खचली. या खेळातला खचलेला बुटका एकतर रडत बसतो किंवा बेभान होऊन दिसेल ते फोडतो आणि दिसेल त्याला मारतो. एका सैनिकाने दारू गाळणाऱ्याला मारले. मग दारू गाळणाऱ्याचे मित्र खचले. पाटील गेले तेव्हा चौऱ्याऐंशी डोकी होती, हिवाळा संपला तेव्हा एकसष्ट. दरम्यान नवी निवडणूक झाली होती आणि नव्या महापौरांनी तीन खुर्च्यांचा हुकूम सोडला होता.

मित्राचे म्हणणे असे की चूक धोरणात नव्हती, अंमलबजावणीत होती. पाटलांना आधी मित्रांपासून तोडून एकटे पाडायला हवे होते, मग बुडवायचे. हे मला आणखीच भयंकर वाटते. शिवाय ते हिशेबातही बसत नाही. मित्र तुटले तर तो महापौर राहणारच नाही, मग बुडवायचे कशाला?

हा मारण्याचा रिवाज आला कुठून, याचा मी थोडा विचार केला. जुन्या आवृत्त्यांत उमराव बाहेरून येत. आपण ओळखत नाही, बोलावले नाही, असा सरदार सपत्नीक दारात उभा राही आणि त्याला वाडा द्यावा लागे. त्याच काळात खेळात नाणी आणि भाड्याची व्यवस्था होती. बुटक्याने मजुरी मिळवायची, राहत्या खोलीचे भाडे भरायचे, वस्तू विकत घ्यायची. उमरावांना मात्र यातले काही लागू नव्हते. कामे सोडून बुटके आपापली नाणी इकडून तिकडे वाहत बसत. अर्थव्यवस्था म्हणून ती इतकी फसली की २०१० च्या आवृत्तीत ती काढूनच टाकली. (कोणा प्राध्यापकांनी हा विषय चलनाच्या तासाला घ्यावा, निदान शेवटचे बाक जागे राहील.) अशा आगंतुक, करमाफ उमरावांविषयी खेळाडूंच्या मनात दयामाया नसावी, हे मी समजू शकतो.

पण आता तसे राहिलेले नाही. वसाहत भरभराटली की राजधानीचा प्रतिनिधी येऊन विचारतो की तुमच्यापैकी कोणाला जहागीरदार करू? नाव आपण द्यायचे असते. त्या बुटक्याच्या आवडीनिवडी आपल्याला आधी वाचता येतात. ज्याला आपल्याकडे भरपूर असलेल्याच वस्तू आवडतात असा एखादा शोधायला दहा मिनिटे पुरतात. ती दहा मिनिटे न देता समोर आला त्याला जहागीर द्यायची आणि वर्षभराने त्याच्या हुकमांवर बोंब ठोकायची, याला काय म्हणावे? त्यातून जहागीर ही वंशपरंपरेची. बाप मारला तर ती वारसाकडे जाते. महापौराचे उलट आहे. तो आपल्या हाती नाही, लोकांच्या हाती आहे. ज्याला आपण नेमले त्याची जबाबदारी आपली आणि ज्याला लोकांनी नेमले त्याला काढण्याचा अधिकार आपला नाही, असे मी मानतो. मित्र म्हणतो की बुटक्यांना कसली लोकशाही! त्याला मी विचारले, मग तुझ्याच वसाहतीत तू निवडणुकीची वाट का पाहतोस? त्यावर त्याने चहा मागवला.

माझे म्हणणे ‘महापौरांचे पाय धरा’ असे नाही. शिक्षा कुठे पडते ते पाहा, एवढेच. हुकूम हा नुसता शब्द आहे, त्याला दात येतात ते कोतवालामुळे. कोतवालच नेमला नाही तर हुकूम मोडूनही कोणाला काही होत नाही, महापौर फक्त रुसतो. मात्र मग खुनालाही शिक्षा होत नाही, आणि या खेळात खून होतात. म्हणून कोतवाल नेमावा, पण कवायतीत मुरलेला, हाती धारदार शस्त्र असलेला नेमू नये. आणि मार टळावा म्हणून तुरुंग आधी बांधावा, त्यात पुरेशा साखळ्या असाव्यात, जवळ अन्नपाणी आणि बिछाना असावा. काही दिवस तिथे काढून हमाल परत कामावर येतो. माझ्या पहिल्या वसाहतीत तुरुंगच नव्हता. तो बांधण्याआधी मी शिलारसाचा पाट बांधला, यावरून माझी अक्कल कळते.

‘हे सगळे पडद्यावरचे ठिपके आहेत, इतके काय मनावर घेतोस?’ असे काही वाचक म्हणतील. ठिपक्यांसाठी मी रडत नाही. मला टोचते ते निराळेच. मी रागाने कळ ओढली ती त्या हमालाच्या नावाने. आणि आज मला त्या हमालाचे नाव आठवत नाही. पाटलांचे आठवते, कारण स्मृतिशिला पाटलांची कोरली होती. हमालाला कोठाराशेजारच्या थडग्यात टाकले आणि त्यावर काहीच कोरले नाही. कारागीर तेव्हा दालनाच्या कामावर होते.

सध्या आमची दुसरी वसाहत चालू आहे. मित्र आणि मी आळीपाळीने बसतो. पेल्यांबरोबर खेळणी, मुकुट आणि शिजवलेले अन्नही विकायला ठेवतो, म्हणजे एकावर बंदी आली तरी तांडा रिकाम्या हाताने जात नाही. तुरुंगात सहा साखळ्या आहेत. महापौरबाईंनी गेल्या आठवड्यात खेळण्यांच्या विक्रीला बंदी घातली, आम्ही खेळणी मागे ठेवली. परवा मात्र मी वर्गाला गेलो असताना मित्राने त्यांच्या खोलीमागे एक अरुंद बोगदा खणून ठेवलेला मला आढळला. विचारले तर म्हणतो, सांडपाण्यासाठी आहे. तो कानडी विभागाच्या संपादक मंडळात आहे आणि मराठी चांगले वाचतो. तेव्हा काय ते उत्तर त्याने आपल्या पानांत द्यावे. तोवर तो बोगदा मी विटांनी बुजवून घेतला आहे.