‘फॉरमॅट’ दाबण्याआधी



श्रुतपंचमीला मंदिरातली शास्त्रं आपण बाहेर काढतो, झटकतो, नव्या वेष्टनात बांधतो. यंदा त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर मला कपाटातल्या हार्ड डिस्कची आठवण झाली. साड्यांच्या घडीखाली, रुमालात गुंडाळून ठेवलेली. तीन वर्षं तिला हात लागला नव्हता. तिच्यात लग्नकार्यांचे, घरातले सगळे फोटो, आणि सासूबाईंच्या आवाजातलं अख्खं भक्तामर. 48 श्लोक, मधे एकदा कुकरची शिट्टी. सासूबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली.

आमचा लॅपटॉप जुना, विंडोज 7 वाला. डिस्क जोडली तर दिवा लागला, आत टुक-टुक वाजलं आणि दिवा गेला. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. हे म्हणाले, “गेली ती. आता मुलगा दिवाळीत येईल तेव्हा बघेल.”

माझी तक्रार नेमकी या वाक्याशी आहे. लोणच्याला बुरशी आली तर आपण मुलाची वाट बघतो का? तुकडा काढून बघतो, वास घेतो, ठरवतो. यंत्राचं नाव निघालं की मात्र हात मागे. आणि मी बी.कॉम. झालेली बाई, ताळेबंद जुळत नसेल तर कुठून शोधायला लागायचं हे मला शिकवलेलं आहे. सर्वांत सोप्या चुकीपासून.

सोपी चूक म्हणजे वायर आणि वीज. या लहान डिस्कला वेगळा चार्जर नसतो, ती लॅपटॉपच्या यूएसबीतूनच वीज घेते. जुन्या लॅपटॉपचं यूएसबी 2.0 चं भोक 500 मिलिअँपिअर देण्यासाठी बनवलेलं, नव्या 3.0 चं 900. डिस्कची चकती फिरायला लागताना जास्त वीज ओढते, तेवढी मिळाली नाही की ती दमते आणि बंद पडते. म्हणून आधी लॅपटॉप चार्जरवर लावा. मधली लांब एक्स्टेन्शन वायर किंवा चार तोंडांचा हब काढून टाका. दुसऱ्या बाजूचं भोक वापरून बघा. मग वायर बदला. मी तपकीर गल्लीत जाऊन नवी आणली, आखूड आणि जाड. डिस्क सोबत न्यायला विसरू नका, तिच्या वायरचं टोक चपटं, रुंद असतं. मोबाइलची वायर तिथे बसत नाही.

नव्या वायरने दिवा टिकला, टुक-टुक थांबलं. मला केवढा आनंद! पण स्क्रीनवर पाटी आली: डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? हे मागून म्हणाले, “दाब की हो.”

बायांनो, तिथे हो दाबायचं नाही. ही पाटी फसवी आहे. संगणकाला एवढंच म्हणायचं असतं की मला खातेवहीची अनुक्रमणिका वाचता येत नाही. पानं बहुतेक जागेवरच असतात. फॉरमॅट म्हणजे नवी कोरी अनुक्रमणिका लावणं. मग जुनी पानं शोधणं अवघड होऊन बसतं. अनुक्रमणिका बिघडते बऱ्याचदा आपल्याच हाताने, काम चालू असताना डिस्क खसकन ओढून काढल्यामुळे. मी कित्येकदा ओढली आहे, खोटं कशाला सांगू.

मी रद्द केलं आणि शेजारच्या सुनेला बोलावलं, ती संगणकाचीच इंजिनिअर. तिने दुरुस्तीला हातच लावला नाही. आधी नवी डिस्क मागवली, जुनीची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवली, आणि मग त्या नकलेवर फाइली शोधल्या. आजारी डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग केले तर उरलंसुरलंही जाऊ शकतं, म्हणून. आणि चांगल्या वायरने, दुसऱ्या संगणकावरही टकटक वाजत राहिली असती तर तिने लगेच बंद करून डेटा परत मिळवणाऱ्यांकडे पाठवली असती. ते काम महाग असतं.

काही फोटो गेले. फाइलींची नावं गेली, सगळ्यांना नुसते आकडे. भक्तामर 317 नंबरच्या फाइलीत सापडलं, शिट्टीसकट.

त्या रात्री मला मूडबिद्रीची आठवण आली. धरसेनाचार्यांना वाटलं, आपल्यामागे हे ज्ञान लोपेल, म्हणून पुष्पदंत-भूतबलींना शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला, त्याचीच तर श्रुतपंचमी. पण पुढे शतकानुशतकं धवला टीकेच्या ताडपत्री मूडबिद्रीलाच होत्या, त्याही दर्शनापुरत्या. सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नकलेसाठी खटपट केली, तेव्हा प्रती होऊ लागल्या. 1939 पासून डॉ. हिरालाल जैनांनी अमरावतीहून छापायला सुरुवात केली. शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ताम्रपत्रांवर कोरलेली प्रत फलटणला आहे. ताडपत्र, कागद, तांबं, जागाही वेगवेगळ्या. आणि आम्ही वीस वर्षांचं घर एका डबीत, एका कपाटात ठेवलं होतं, वर रुमाल बांधून निर्धास्त.

कुणी म्हणेल, आता सगळं गूगलवर ठेवा. ठेवा की. फुकटात 15 जीबी मिळतं, ते लवकर भरतं, आणि पासवर्ड बहुतेक घरी मुलालाच ठाऊक असतो. तो आपल्या वहीत हवा.

आता दोन डिस्का आहेत. एक माझ्याकडे; वर चिठ्ठी लावली आहे, शेवटी कधी उघडून बघितली त्या तारखेची. दुसरी नणंदबाईंकडे मिरजेला. त्यांच्याकडे लॅपटॉप नाही, म्हणून दिवाळीत जाताना मी आमचा घेऊन जाणार आहे. ती आखूड वायरसुद्धा.